पावण्यांसाठी मांडलेलं घर

“एवढं झ्याक घर हाय, मग घरकुल कशाला पायजे हिला?”

माझ्या मागे उभी असलेली बाई शेजारणीच्या कानाशी म्हणाली आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मी ऐकलं. माझ्याबरोबरच्या इंजिनियर साहेबांनी ऐकलं नसावं, ते दारात वाकून बुटाची नाडी सोडत होते.

“बूट असूद्या की साहेब,” आतून आवाज आला. “या, या. बसा खुर्चीवर. मॅडम, तुमी पण बसा.”

मॅडम म्हणजे मी. आणि मला मॅडम म्हणणारी बाई माझी आत्या होती, माझ्या वडिलांची सख्खी बहीण.

दोन हजार सालानंतरची, माझ्या पहिल्या नोकरीतली ही गोष्ट. कोल्हापुरातल्या एका ओढ्याकाठच्या वस्तीत घरकुलं बांधायला सरकारी अनुदान मंजूर झालं होतं. ज्यांची घरं कच्ची, त्यांना पक्क्या दोन खोल्या मिळणार होत्या. खोल्या कमी, मागणारे जास्त. म्हणून आधी घरोघर पाहणी, मग यादी. पाहणीचं काम एका संस्थेकडे होतं आणि त्या संस्थेत मी नुकतीच लागले होते. फॉर्म इंग्रजीत भरायचे होते आणि मी इंग्रजी शाळेत शिकलेली, एवढीच माझी पात्रता. साहेब बघणार, विचारणार, मी लिहिणार. मला ते सोयीचं वाटलं होतं. लिहिणाऱ्या माणसाला कुणी फारसं बोलायला लावत नाही.

ऑफिसात पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, “तुमचं मूळ गाव?” मी म्हटलं, “कागलच्या बाजूला.” ते खोटं नव्हतं, आजोबा तिकडचेच. पण आजोबांच्या मागे आत्या आणि माझे वडील याच ओढ्याकाठी वाढले. वडिलांना बँकेत नोकरी लागली आणि ते कॉलनीत राहायला गेले. आत्या इथंच राहिली. हे मी शाळेत कधी सांगितलं नव्हतं. आमच्या शाळेत आडनाव ऐकून पुढचा प्रश्न विचारणाऱ्या मुली होत्या. चौथीपाचवीतच मी शिकले, की आपण कमी बोललो तर पुढचा प्रश्न येत नाही. ती सवय अंगात मुरली आणि मोठेपणी लोक तिला माझा शांत स्वभाव म्हणू लागले.

पाहणीच्या आदल्या रविवारी मी आत्याकडे गेले होते. ती मार्केट यार्डात गुळाच्या ढेपांना फडकी बांधायचं काम करायची. हातांना कायम गुळाचा वास. मामा, म्हणजे तिचे यजमान, फौंड्रीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन जयसिंगपूरला. आत्या एकटीच. घर दगडमातीचं, वर गंजलेला पत्रा. मागची भिंत ओढ्याच्या बाजूला झुकलेली. तिला बाहेरून दोन वासे टेकू लावलेले. पावसाळ्यात आत्या पत्र्याखाली पाच भांडी मांडायची आणि कुठलं भांडं कुठं हे तिला अंधारातही पाठ होतं.

“गुरुवारी आमच्या ऑफिसची माणसं येणार आहेत,” मी म्हटलं. “मी पण असेन.”

“अगं बाई! तू येणार?” आत्याचा चेहरा असा फुलला, की मी खाली बघितलं.

“आत्या, तिथं मी… म्हणजे ऑफिसचं काम असणार.”

तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, “कळतंय की मला. येडी हाय व्हय मी?”

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी सांगता आली असती. फॉर्ममध्ये घरातल्या सामानाचा एक रकाना होता. त्यात जितक्या वस्तू जास्त, तितकं ते घर यादीत खाली जायचं. ‘आत्या, घर आहे तसंच ठेव,’ एवढं एक वाक्य. मी ते बोलले नाही. असं सांगणं नियमाला धरून नाही, असं तेव्हा मी स्वतःला समजावलं. तेही खरंच होतं. पण त्याहून खरं हे, की ऑफिसच्या माणसांसमोर ते घर जरा बरं दिसावं असं मलाही वाटत होतं.

गुरुवारी घर बरं दिसत होतं. भिंतींना ओला चुना. जमीन सारवलेली, कडेनं रांगोळीची बारीक रेघ. पत्र्याखाली दोन जुन्या साड्या ताणून बांधल्या होत्या, त्यामुळे वरची भोकं दिसत नव्हती. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. कोपऱ्यात हिरवं लोखंडी कपाट, त्याच्याशेजारी स्टुलावर टीव्ही, टीव्हीवर विणलेला रुमाल. कपाट शेजारच्या घरातलं होतं, हे मी ओळखलं. लहानपणी त्याच्या आरशात बघून मी वेण्या घातल्या होत्या. पावणं येणार म्हटल्यावर त्या वस्तीत असंच चालायचं. कुणाकडे मुलगी बघायला येवोत की साहेब येवोत, गल्ली मिळून ते घर उभं करायची. एकीचे कप, दुसरीची सतरंजी, तिसरीचं कपाट चौघांनी उचलून आणायचं. पावण्यांची पाठ फिरली, की सगळं ज्याच्या त्याच्या घरी.

बुद्धाची मूर्ती जागेवर होती. निळ्या कोटातल्या तसबिरीला ताजा हार होता. त्या तसबिरीशेजारी एक फोटो असायचा, शाळेच्या गणवेशातला, टायसकट, माझा. तिथं आता नुसता खिळा होता.

मी खिळ्याकडे बघितलं. आत्यानं मी बघितलेलं बघितलं आणि घाईनं साहेबांना म्हणाली, “चा घ्या की.”

साहेब माणूस वाईट नव्हते. पुण्याकडचे, उन्हानं त्रासलेले, दिवसाला ठरलेली घरं संपवायच्या घाईतले. त्यांनी मान वर केली, साडीचं छत बघितलं, बोटानं भिंत वाजवली. मागच्या भिंतीपुढे नेमकं कपाट आलं होतं.

“मावशी, घर एकदम टापटीप ठेवलंय तुम्ही.”

“मग! साहेब येणार म्हटल्यावर?” आत्या खूश झाली. “गरिबाचं हाय, पर उघडं न्हाय.”

“लिहा मॅडम,” साहेब मला म्हणाले. “निमपक्कं. सामान: स्टील कपाट, टीव्ही, खुर्च्या. एकूण स्थिती… चांगली.”

मी लिहिलं. शाळेत कर्सिव्ह अक्षरासाठी मला बक्षिसं मिळायची. त्याच अक्षरात मी ‘गुड’ असं लिहिलं. आत्या माझ्या खांद्यामागून वाकून बघत होती. तिला अक्षरओळख नव्हती.

“मॅडमचं अक्षर लई देखणं हाय वो साहेब,” ती म्हणाली. “मोत्यागत.”

मागे गर्दी केलेल्या बायकांकडे तिनं अभिमानानं बघितलं. त्यातल्या म्हाताऱ्या दोघीतिघींना मी लहानपणापासून ठाऊक होते. मघाशी हसलेल्यांतली एक तर तीच, जिचं कपाट होतं. पण एकीनंही मला नावानं हाक मारली नाही. आत्यानं सगळ्यांना बजावून ठेवलं असणार.

महिन्याभरानं वस्तीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर यादी लागली. आत्याचं नाव नव्हतं. हरकत घ्यायची असेल त्यानं अमुक दिवशी यावं, अशी खाली सूचना. त्या दिवशी समाजमंदिरात टेबल टाकून साहेब बसले, शेजारी मी फॉर्मचे गठ्ठे घेऊन. माणसं रांगेत होती. आत्या इस्त्रीची साडी नेसून, कुणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज पिशवीत घडी करून आली होती.

“नाव कसं नाही साहेब माझं? भिंत पडाया झालीया.”

साहेबांनी माझ्याकडून फॉर्म घेतला. “मावशी, मी स्वतः बघितलंय घर. भिंती चांगल्या आहेत. कपाट आहे, टीव्ही आहे.”

“ते शेजारचं हुतं. तुमी येणार म्हणून आणलंतं.”

रांगेत हशा पिकला.

“माझ्यासाठी कपाट कशाला आणायचं?” साहेबही हसले.

“आता काय सांगायचं ह्येला! पावणं येणार म्हटल्यावर उघडं घर दावू व्हय?” आत्यानं मागे वळून शेजारणीला साक्षीला ओढलं. “सांग की गं, कुणाचं कपाट?”

“माझंच हाय साहेब. शप्पत,” शेजारीण म्हणाली.

“मावशी, तुमचं नाव यादीत आहे ना? मग हे कपाट तुमचं म्हणून आता तुमचं नाव कमी करू का?”

शेजारीण दोन पावलं मागं सरकली. कुणीही सरकलं असतं. तिच्या घरी पाहणी झाली तेव्हा ते कपाट आत्याच्या घरात होतं.

“सकाळपासून सगळे हेच सांगतायत,” साहेब थकून म्हणाले. “वस्तीतल्या वस्तीत एकमेकांचे साक्षीदार मला चालत नाहीत. बाहेरचं कुणी आहे का सांगणारं?” मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही होता की माझ्याबरोबर. तुमचं काय म्हणणं?”

माझ्यासमोर तो फॉर्म होता. मला सगळं माहीत होतं. मागची भिंत, वासे, पाच भांडी. आणि हेही माहीत होतं, की ‘तुम्हाला कसं माहीत?’ हा पुढचा प्रश्न येणार. ऑफिसातली आणखी दोघं पलीकडच्या टेबलावर बसली होती. त्यांनी माना वर केल्या होत्या.

“फॉर्ममध्ये तसंच लिहिलंय, सर,” मी म्हटलं.

आत्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं अर्जाची घडी पुन्हा केली, होती तशीच, आणि पिशवीत ठेवली.

“असूद्या साहेब,” ती म्हणाली. “मॅडम तरी काय करतील?”

घरी वडिलांनी विचारलं, “तुझ्याच ऑफिसकडे होतं ना ते? आक्काचं नाव कसं आलं नाही?” मी म्हटलं, “यादी वरून येते.” त्यांनी विश्वास ठेवला. आत्यानं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी तिच्याकडे गेले, तर ती नेहमीसारखी बोलली, भाकरी वाढली, तांबडा झणझणीत रस्सा वाढला. माझा फोटो परत खिळ्यावर लागला होता. ती रागावली असती तर मी रडून मोकळी झाले असते. ती म्हणाली, “नोकरी टिकव बाई. आपल्यातल्या पोरी टेबलामागं बसाय लागल्या, हेच लई हाय.” मी जेवले. माफी मागायची म्हणून गेले होते आणि ताट धुऊन परत आले.

त्या पावसाळ्यात मागची भिंत ओढ्यात गेली. आत्या तेव्हा यार्डात होती, म्हणून वाचली. वडिलांनी तिला आमच्याकडे राहायला बोलावलं, ती आठ दिवस राहिली. आमच्या कॉलनीत बायका दार लावून बसतात, तिला ते सोसलं नाही. मग मुलगी येऊन तिला जयसिंगपूरला घेऊन गेली. तिथं जावयाच्या दोन खोल्या, सहा माणसं. स्वयंपाकघरात ओट्याखाली तिची वळकटी. मी भेटायला गेले की ती वळकटीवर सरकून मला जागा करायची आणि विचारायची, वस्तीत कुणाकुणाची घरं झाली? मी सांगायचे. तिला प्रत्येकीचं नाव ऐकायचं असायचं. ऐकून ती खरंच खूश व्हायची, आणि ते मला बघवत नसे.

दोन वर्षांनी दुसऱ्या टप्प्याचं अनुदान आलं. मी आधी नियम काढून वाचले. पाहणीच्या दिवशी जो वस्तीत राहत असेल त्यालाच अर्ज करता येणार होता. घर पडून गाव सोडलेल्यांसाठी वेगळा रकाना नव्हता. साहेबांना मी आडून विचारलं, “समजा एखादी बाई आधी राहत होती…” ते म्हणाले, “मॅडम, आधी राहणाऱ्यांचं धरलं तर निम्मं कोल्हापूर येईल.”

पाहणीला या वेळी माझ्याबरोबर एक नवी मुलगी होती. भडाभडा बोलणारी, कुणालाही काकू, मावशी करणारी. लिहायचं काम तिचं, बघायचं माझं. आत्याच्या जागेवर कुणीतरी जळण रचलं होतं. दाराची चौकट तेवढी उभी होती. पलीकडे आत्याची शेजारीण नव्या घराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही. सांगून ठेवलेलं ती अजून पाळत होती.

“मॅडम, ह्या जागेचं काय लिहू?” नव्या मुलीनं विचारलं. “रिकामी लिहू? इथं कुणी राहत होतं का?”

शेजारणीचा हात सुपात थांबला.

“माझी आत्या,” मी म्हटलं. “इथं माझी सख्खी आत्या राहत होती.”