सुनेनं धरलेलं दार

भिंतीपलीकडून भांडण ऐकू आलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. माझा देवेंद्र बायकोला सांगत होता, "लोकांची माणसं घेऊन तू आफ्रिकेच्या जंगलात जाणार? एकाला जरी काही झालं, तर ही नोकरी सोडायची."

"सोडीन," सुनेत्रा म्हणाली. "आणि नाही झालं, तर पुन्हा मधे बोलायचं नाही."

कुवेतमधल्या मिरकाबला सहलीच्या कचेरीत ती नुसती तिकिटं काढायची. माणसं न्यायची ही पहिलीच खेप. मलाही घेतलं. म्हणाली, "आई, तुम्ही असलात की मंडळी शिव्या बेतानं देतात." बरोबर तिथल्याच सालमिया भागातली दोन-तीन घरं आणि मीना अब्दुल्ला या कारखान्यांच्या भागात वेल्डिंग करणारे कोकणातले एकटे गडी.

केनियातलं ते जंगल एका दिवसात बघायचं. दुपारपर्यंत हरणं आणि धूळ. त्या गड्यांतला शत्रुघ्न कुरकुरला, "ताई, कोणाची शेपटी तरी दाखवा!"

तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी थांबवून बोट दाखवलं. दाराबाहेरच्या झुडपात सिंहीण. सुनेत्रा हळूच म्हणाली, "हलू नका. जनावर आहे, अगदी पायाशी."

झालं! आमच्या नगरकडं जनावर म्हणजे गाय, बैल, काहीही. कोकणात जनावर म्हणजे साप. सगळ्यांचे पाय सीटवर. शत्रुघ्न "किरडू! किरडू!" ओरडत दार उघडायला धावला. बाहेर सिंहीण बसलेली, आणि याला साप गाडीत वाटलेला.

दार अर्धं सरकलंसुद्धा. सुनेत्रानं ते ओढून लावलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. आवाज नाही चढवला.

"शत्रुघ्न, साप नाही. सिंहीण आहे, बाहेर. शब्द माझा चुकला. पाय हवे तर वरच ठेवा."

त्यानं काचेतून पाहिलं. "मग सरळ सिंहीण म्हणायचं ना, ताई! सिंहिणीला आम्ही भीत नाय." तेवढ्यात सिंहिणीनं जांभई दिली आणि हा माझ्या मांडीवर.

सासूनं सुनेचं कौतुक करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ते दार धरून बघावं.

कुवेतला विमानतळावर देवेंद्र आला होता. सुनेत्रानं काही न लपवता सगळं सांगितलं. तो तोंड उघडणार, तोच शत्रुघ्न म्हणाला, "दादा, पुढच्या ईदला आमचे आणखी गडी येतायत. पण ताई असतील तरच हां." देवेंद्र बॅगा उचलायला लागला.

गड्यांना तिनं मीना अब्दुल्लाच्या बसमध्ये बसवलं. घराच्या कोपऱ्यावर उतरून बेकरीतून गरम खुबूस रोट घेतले, त्यातले दोन नेहमीसारखे खाली राखणदार तौफीकला दिले आणि वर आली.