विम्याच्या भरवशावरची मोटार
जळक्या ऑइलचा वास आला की माझी तेव्हाची अक्कल आठवते. नवरा मोटार भाड्यानं चालवायचा. तिच्यावरच घर चाले. त्या दिवशी मात्र तो मला माहेरी, गोरेगावला नेत होता, आणि तिथला आठवडी बाजार उठायच्या आत बायकांनी मला मोटारीत बघावं, एवढीच माझी तळमळ. वाटेत तो म्हणाला, "अवं, वाफ निघून राहिली, पानी टाकू दे." मी महाराणी म्हणाले, "विमा काढला ना? मंग कायले भेता?" पुढे इंजिन जळून बसलं. बैलांनी ओढलेल्या मोटारीत मी बाजारात शिरले. बायकांनी पोटभर बघितलं. विमेवाला घरी येऊन म्हणाला, "टक्कर झाली तर भरपाई, इंजिन बिघडलं तर नाही." नवरा गिरणीत पोती उचलायला लागला. सासू मला म्हणाली, "बिघाडाचा विमा निघत असता तं बाई, पयले तुहाच काढला असता."