वानखेडेकाकांची फाइल

आज मोबाइलने मेलची जागा भरल्याचं सांगितलं आणि भिलाईचं ऑफिस आठवलं. नव्वदीच्या अखेरीस तिथला मेल सर्व्हर मीच बसवला होता. एका सकाळी नवे मेल येईनात. मॉडेम, केबल, सेटिंग सगळं तपासलं. शेवटी डिस्कच भरलेली निघाली. टपाल सांभाळणाऱ्या वानखेडेकाकांनी एकही मेल डिलीट केला नव्हता.

“कावून ठेवले, काका?” मी कारण विचारलं.

“आलेलं पत्र फाडाचं नसते, बाबू. कोनी मांगतलं तं?”

मी चिडून सगळे पुसले. दुपारी साहेबांनी त्यातलाच एक मागितला. काकांनी कपाटातून फाइल काढली. प्रत्येक मेल छापलेला, त्यावर जांभळ्या शाईचा तारखेचा शिक्का.

आज पुसायला बसलो खरा, पण आधी प्रिंटरमध्ये कागद भरला.