वनमालाच्या घरातली माणसं

मुलुंडच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपत आला, तेव्हा मालकाने मुलाचं लग्न ठरल्याचं सांगितलं. महिनाअखेर खोली रिकामी हवी होती. वनमाला नुसती "बरं" म्हणाली. अंधेरीच्या एका औषध कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. दुसऱ्यांची बोलणी जुळवून द्यायची आणि आपण मधून बाजूला व्हायचं, हेच तिने आयुष्यभर केलं. लग्नही असंच राहून गेलं. वडील, आबा, गिरणीत होते. संपात घरी बसले आणि त्याच दिवसांत दाराशी कुंकूं करणारी कुत्र्याची दोन पिल्लं त्यांनी उचलून आत घेतली. पुढे आबा गेले. ठमी आणि भुऱ्या राहिले. भुऱ्याला दिसत नसे, तो ठमीच्या अंगाला अंग लावून चालायचा.

भाऊ बाळ चारकोपला राहायचा. त्याच्याकडे एक कोपरा होता, पण एकीपुरता.

"तू ये की. तुला कोण नाही म्हणतंय? त्यांना कांजूरला खाडीकडे सोड. मासळीचं काहीबाही मिळतं तिथं, जगतील."

"भुऱ्याला दिसत नाही रे."

"मग काय करू? मी खाली रस्त्यावर झोपू?"

बाळचं घर तिने पाहिलेलं होतं.

दर शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की एजंट शिवदासबरोबर खोल्या बघणं सुरू झालं. भांडुपला कुत्री म्हणताच चहाचा कप अर्ध्यावर उचलून नेला. बोरिवलीच्या बाई म्हणाल्या, पोपट असता तर चाललं असतं. घाटकोपरला मात्र तिची आशा वाढली. मालकांच्या भिंतीवर दत्ताची मोठी तसबीर, तिला ताजा हार आणि पायाशी चारही कुत्री. वनमालाने तिकडे बघत धीर करून विषय काढला. मालक शांतपणे म्हणाले, "ते चार वेद आहेत, बाई. ते भुंकत नाहीत."

जिना उतरताना शिवदासला हसू आवरेना. खाली आल्यावर त्याने तिला समजावलं, "ताई, खरं सांगून मुंबईत कुणाला खोली मिळालीय? माणसं किती विचारलं की 'एकटीच' म्हणायचं. सामान लागलं की आठ दिवसांनी एकेक करून आणा. मग कोण काढतोय?"

मुलुंड पूर्वेच्या कुंदाताईंनी तळमजल्यावरची खोली दाखवली आणि विचारलं, "माणसं किती?" वनमाला म्हणाली, "एकटीच." त्या रात्री भाकरी कुस्करताना तिला दोघांकडे बघवलं नाही.

सामान नेण्याआधी नव्या जागेत दूध उतू घालायचं, ही आईची रीत. खोली बदलली की आई चूल मांडायची. दूध उतू जाताना घरातलं एकही माणूस कमी असलेलं तिला चालत नसे. एकदा तिने बाळला शाळेतून उठवून आणलं होतं. आता शुक्रवार चांगला म्हणून वनमालाने रजा घेतली. स्टोव्ह, पातेलं आणि दुधाची पिशवी घेऊन ती निघाली. भुऱ्या उंबऱ्यावर आडवा पडला होता. ती त्याला ओलांडून बाहेर आली, कुलूप हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली. यांच्यावाचून दूध उतू गेलं, तर त्या घरात ही दोघं कायमची परकी. हे शिवदासला सांगून पटलं नसतं. तिने रिक्षा थांबवली आणि दोघांना आत चढवलं.

नव्या खोलीचं दार लोटून घेऊन तिने पंप मारला. स्टोव्ह घरघरू लागला. दोघं दोन बाजूंना मुकाट्याने बसली. दुधावर साय धरली, तेवढ्यात दार ढकलून कुंदाताई आल्या. हातात नारळ आणि कुंकवाची कोयरी. त्या नव्या बिऱ्हाडाला कुंकू लावून नारळ द्यायला आल्या होत्या.

त्यांनी कुत्र्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुम्ही एकटी म्हणाला होतात."

"हो."

"माझ्या सासूबाईंचं सोवळं असतं वर. त्यांना कळलं तर अन्न सोडतील." त्या जराही ओरडल्या नाहीत, त्यामुळे उत्तर देणं आणखी अवघड झालं. "तुम्ही राहा. मी शब्द दिलाय. यांना मात्र आत्ता बाहेर काढा."

साय सुरकुतली आणि मधोमध फुगून वर येऊ लागली. वनमालाने फक्त गप्प राहायचं होतं. क्षणभरात दूध कडेवरून आलं असतं आणि डोक्यावर छप्पर मिळालं असतं. भुऱ्याने वासाने मान वर केली आणि चुकीच्या दिशेला बघत राहिला.

"मोजायला चुकले मी," ती म्हणाली. "तीन माणसं आहोत."

तिने चावी सैल करून स्टोव्हची हवा सोडली. काठाशी आलेलं दूध खाली बसलं.

"अहो, असं नका करू," कुंदाताई कळवळून म्हणाल्या. "थोडं तरी उतू जाऊ द्या. वास्तूला बरं नाही ते."

"तुमच्या वास्तूचं वाईट नाही चिंतत मी. पण जागा आमचं घर झाली तरच दूध उतू घालायचं असतं."

पदराने धरून तिने पातेलं बाहेर आणलं आणि पायरीवर बसली. ठमी आणि भुऱ्या येऊन तिला टेकले. मागे दारात कुंदाताई नारळ धरून उभ्या होत्या. आता कुठे जाणार, असं त्यांनी हळूच विचारलं. वनमालाने झाकणात थोडं दूध ओतलं आणि त्यावर फुंकर घालत राहिली. ते अजून कढत होतं. निवेपर्यंत तरी कुठे जायचं नव्हतं.