कॉम्प्युटरच्या पोटातलं सूत

जर्मनीला जायचं पक्कं झालं तेव्हा सामानाच्या यादीत मी सगळ्यात वर लिहिलं, कॉम्प्युटर. लॅपटॉप नव्हे. टेबलावरचा, लोखंडी डब्याचा, उचलताना कंबर धरायला लावणारा कॉम्प्युटर. नवऱ्यानं यादी वाचली, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाला, "तिथं कॉम्प्युटर मिळत न्हाईत म्हणून कोण सांगितलं तुला?"

"मिळतात. हा मिळत न्हाय," मी म्हटलं आणि यादी त्याच्या हातातून काढून घेतली.

माझं माहेर बेळगावच्या वडगावातलं, विणकरांच्या गल्लीतलं. आप्पांचे, म्हणजे माझ्या वडलांचे, दोन पॉवरलूम आहेत. त्या मागांवर निघणाऱ्या साडीचे काठ आणि पदर मी काढते, कॉलेज सुटल्यापासून. लग्नानंतर माझं घर दोन गल्ल्या पलीकडं झालं, पण कॉम्प्युटर माहेरीच राहिला, मागाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत. मी चौकटी भरत नक्षी काढायची, पलीकडच्या गल्लीतून त्याची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं करून आणायची आणि ती मागावर चढवली की नक्षी कापडात उतरायची. नक्षीचा तो प्रोग्रॅम जुना. विकणाऱ्यांनी दुकान कधीच बंद केलं. दुसऱ्या मशीनवर तो चढत नाही. दोन जणांनी प्रयत्न केला. एकानं आठ दिवस ठेवून घेतलं आणि तसंच परत आणून दिलं, दुसरा नुसता हसला. म्हणजे हा डबा बिघडला की माझ्या नक्षी संपल्या, आणि माझ्या नक्षी संपल्या की आप्पांनी बाजारात सगळ्यांच्या मागावर असतो तोच काठ विणायचा. तो काठ दुकानात गठ्ठ्यांनी पडलेला असतो, त्यासाठी आप्पांच्या दारात कोण येणार?

मशीन इथंच ठेवून जा, असंही सुचवलं लोकांनी. ठेवून चालवणार कोण? आप्पा माउसला हात लावत नाहीत. आई त्याच्यावर रोज फडकं मारते आणि त्याला तुझी पेटी म्हणते. निपाणीला राहणाऱ्या सासूबाईंनी तर सरळच विचारलं, "चटणी न्हे, पापड न्हे. त्या डबड्याला काय इमानात बसवायला न्हेतीस व्हय गं?" मी त्यांना चहा करून दिला आणि ऐकून घेतलं. ऐकून घ्यायला माझं काही जात नाही. करायचं ते मी करतेच.

मग मी बांधणी शिकायला बसले. कॉम्प्युटर मोडतो तो बाहेरून नव्हे, आतून मोडतो, हे पहिल्याच दिवशी कळलं. आतले जड भाग हादऱ्यानं स्वतःच्याच वजनानं तुटतात. म्हणून ग्राफिक्स कार्ड काढायचं, प्रोसेसरवरचा मोठा पंखा काढायचा, दोन्ही वेगळे गुंडाळायचे. हार्ड डिस्क तर हातातल्या पिशवीतच, मांडीवर. काढण्याआधी प्रत्येक वायरीचा फोटो घेतला, प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर घातला. स्क्रू सगळे एका छोट्या डबीत. मूळ खोकं शोधायला गेले तर त्यात आईनं सुताच्या कांड्या भरलेल्या. बाजारातून दोन जाड खोकी आणली, एकात एक बसणारी, आणि मधल्या जागेत चारी बाजूंनी फोम.

एवढं करून माझं समाधान होईना. खोकं विमानात कसं आपटतील ते मला काय माहीत? मी नवऱ्याला म्हटलं, एक फेरी मारून बघूया. हायवेनं निपाणीला गेलो तर पोटातलं पाणीही हलत नाही, म्हणून चिकोडीवरून आतल्या रस्त्यानं चल म्हटलं. तो बिचारा चालवत राहिला. चिकोडी मागं पडल्यावर म्हणाला, "आजवर खड्डे चुकवत गाडी मारली. शोधून मारायची पाळी तू आणलीस." निपाणीत सासूबाईंनी खोकं बाहेरच्या सोप्यात बघितलं आणि त्याच्यावर टॉवेल टाकला. पाहुण्यांना दिसू नये म्हणून असणार.

वडगावात परत येऊन उघडलं, सगळं जोडलं, बटण दाबलं. चालू झाला. फक्त येताना आतून खुळखुळ ऐकू येत होती. एक स्क्रू सुटा राहिलेला निघाला. मी परत सगळं बांधलं आणि आप्पा शेजारी उभे असताना बोलून गेले, "आत मोकळी जागा लई हाय. कायतरी भरायला पायजे."

ते वाक्य मी बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी व्हिसाच्या कामाला बेंगळूरला गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले तर खोक्यावर सुतळी आडवी-उभी बसलेली, आणि गाठ विणकराची, तुटलेला धागा जोडायला मारतात ती. तशी गाठ मला येते, पण मी मारलेली नव्हती. सुतळी सोडली. खोकं उघडलं, डब्याचं झाकण काढलं. आत सूत. कोंबून कोंबून भरलेलं, जांभळं, चकचकीत, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

आमच्या गल्लीत ही सवयच आहे. मागावर उरलेलं सूत कोणी टाकत नाही. उशीत तेच, हात पुसायला तेच, लग्नाचा काचेचा सेट भरायचा झाला तरी मधे तेच. मोकळी जागा म्हटली की आमच्या माणसाचा हात सुताकडं जातो. पण हे सूत पॉलिस्टरचं, आणि दिवस थंडीचे.

"आप्पा," मी हाक मारली. ते मागाच्या खोलीतून आले. "हे काय केलासा?"

"मऊ हाय की. हालायचं न्हाय आता."

"थंडीत मागाच्या खोलीत जमिनीवर पाणी कशाला शिंपडता?"

"सूत अंगाला चिकटतंय. करंट मारतंय बारीक."

"तोच करंट ह्याला मारतोय. हे मरतंय त्यानं. अडाण्यागत काय केलासा हे, विचारायचं तरी."

बापाला असं बोलू नये हे मला कळतं. त्या वेळी कळत नव्हतं. आई चुलीपाशी होती, तिनं भांडं जोरात ठेवलं. मी खाली बसून सूत उपसायला लागले आणि दोन मुठी काढल्यावर माझे हात थांबले. हे उरलेलं सूत नव्हतं. उरलेल्या सुताचे तुकडे असतात, दहा रंगांचे. या पूर्ण लड्या होत्या, एका रंगाच्या, रंगाऱ्याकडून आणलेल्या, गाठसुद्धा न सोडलेल्या. पुढच्या ताण्याच्या, म्हणजे साडीच्या उभ्या धाग्यांच्या. आंब्याच्या कोयरीचा जो काठ मी शेवटचा काढला होता, त्याच साडीसाठी हा जांभळा रंग मीच निवडला होता.

"ह्या लड्या तर ताण्याच्या," मी म्हटलं.

आप्पा उंबऱ्यावर बसले. "कुठला ताणा आता. तू चाललीस. मंगळवारी एक माणूस येणार हाय माग बघायला. दोन्ही न्हेतो म्हणतोय."

"आणि मला कधी सांगणार होतासा?"

"गेल्यावर. जाताना कशाला डोक्याला ताप."

मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. महिनाभर मी फोम कापत होते, खड्डे शोधत होते, ते सगळं ज्या मागांसाठी, ते माग यांनी मनातून विकूनसुद्धा टाकले होते. मी कॉम्प्युटर नेतेय ती पोरीची हौस आहे, असंच त्यांनी धरलं होतं. तिथून मी नक्षी पाठवीन यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगा," मी म्हटलं.

"बघू."

"बघू न्हाय. तिथं हे चालू झालं की आठ दिवसांत मी फोनवरनं कार्डवाल्याला नक्षी पाठवणार. न्हाय झालं तर मग विका. तोवर मागाला हात लावायचा न्हाय कुणी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग उठले, मोरीतून तांब्या भरून आणला आणि माझ्याभोवती जमिनीवर पाणी शिंपडलं, थंडीत मागाभोवती शिंपडतात तसं, बेतानं, डब्यावर एक थेंब उडू न देता. मग समोर मांडी घालून बसले. मी त्यांना आधी लोखंडी डब्याच्या कडेला हात लावायला लावला, अंगातला करंट उतरावा म्हणून. ते का म्हणून विचारत बसले नाहीत.

लड्या निघाल्या. पण सुटे धागे बारीक पिनांत, छोट्या पंख्याच्या पात्यांत, रॅमच्या खाचेत अडकले होते. चिमट्यानं ओढायला गेले तर आप्पांनी माझा हात बाजूला केला. "ओढू नको. तुटतंय आणि आत ऱ्हातंय." चाळीस वर्षं तुटलेली टोकं शोधणारा माणूस तो. धाग्याचं टोक कुठं आहे ते त्यांच्या बोटांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर. एकेक टोक धरून, उलटं फिरवत, त्यांनी पंखा सोडवला. आईनं दोनदा जेवायला बोलावलं. आम्ही उठलो नाही. मधेच मी म्हटलं, "मगाशी लई बोलले मी." ते म्हणाले, "व्हय, बोललीस," आणि पुढचा धागा धरला.

शेवटी सगळं जोडून बटण दाबलं. चालू झाला. आप्पांनी लड्या गुडघ्याला अडकवून नीट केल्या आणि खुंटीला टांगल्या. मंगळवारच्या माणसाबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. रिकाम्या जागेत मी करंट न धरणारा फोम भरला. बाहेरून डब्याभोवती आईची जुनी सुती साडी गुंडाळली, ही करंट धरणार नाही ना म्हणून मी आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, सुती चालतंय. खोक्याची शेवटची गाठ त्यांनीच मारली. सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर, त्यांनी खोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

जर्मनीतल्या घरात टेबलसुद्धा नव्हतं. जमिनीवर बसून खोकं उघडलं. हार्ड डिस्क बसवली, कार्ड बसवलं, पंखा बसवला, नंबर बघून वायरी जोडल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. नवरा म्हणाला, उद्या कुणाला तरी दाखवू. मी म्हटलं, कुणाला नको. परत दाबलं. काळाच. रॅम काढली आणि खाचेत बोट फिरवलं, आप्पांसारखं, न बघता. टोक लागलं. नखाएवढा जांभळा धागा, वाटेतल्या हादऱ्यांनी सरकून खाचेत उतरलेला. उलट्या अंगानं सोडवला, रॅम दाबून बसवली, बटण दाबलं. पडद्यावर माझ्या कोयऱ्या आल्या.

मी लगेच फोन लावला. "आप्पा, चालू झालं. त्या माणसाला आता तरी नको म्हणून सांगा."

"सांगितलंय."

"कधी?"

"त्या मंगळवारीच. दारातनंच परत पाठवला."

"मग मला बोललासा का न्हाय? इथं माझा जीव टांगणीला."

पलीकडून येणारी मागाची खडखड थांबली. बोलायला म्हणून त्यांनी माग थांबवला असणार, एरवी ते थांबवत नाहीत.

"जांभळा ताणा चढवलाय," ते म्हणाले. "आता बोलत बसू नको. पुढची नक्षी पाठव."