इथं प्रॉम्टिंग नाही

आधी उजव्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर. मग तोच हात उताणा करून समोरच्या पेशंटकडे. आणि मग खर्जातलं वाक्य, "इथं प्रॉम्टिंग नाही. तुमचं तुमी बोला." भंडाऱ्यात आमच्या दवाखान्यात तुमच्या घरातलं कुणी नव्या औषधाच्या चाचणीत सामील झालं असेल, तर ते बोट तुम्हीही पाहिलं असणार.

बोट काकांचं. काका रेकॉर्ड रूमचे शिपाई. पण धान कापून झालं की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं उभी राहतात, तिथले ते जुने प्रॉम्टर. विंगेत बसून त्यांनी राजापासून दरोडेखोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडात शब्द घातलेले. तालमीला दांडी मारलेले नट त्यांच्या भरवशावर बिनधास्त स्टेजवर जायचे. आणि हाच माणूस दवाखान्यात कुणी कुणाच्या तोंडात एक शब्द घातला की खवळायचा.

आमची गाठ पडली ती एका नियमामुळे. मी चाचणीची समन्वयक. कागद, तारखा आणि डॉक्टरसाहेबांची बोलणी सांभाळायला नेमलेली. पेशंटला वाचता येत नसेल, तर संमती घेताना चाचणीशी संबंध नसलेला एक साक्षीदार लागतो. त्याच्या सहीशिवाय संमती धरत नाहीत. साहेब म्हणाले, रेकॉर्ड रूममधून बोलवा कुणाला तरी. मला फक्त सही हवी होती, आले ते काका.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. कागदावर छापलं होतं 'वैद्यकीय प्रयोग'. साकोलीकडचे एक म्हातारे बाबाजी घाबरून म्हणाले, "प्रयोग कोणत्या गावी हाय? मले गाणं येत नाही, पहिलेच सांगून ठेवतो."

मी हसू दाबत बसले. काका अजिबात हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बाबाजी, हे असं नाटक हाय का याचा शेवट डॉक्टरलेबी माहीत नाही. नवीन गोळी गुण देते का नाही, तेच पाहून राहिले ते. अर्ध्या लोकायले खरी गोळी, अर्ध्यायले तशीच दिसते पण औषध नसलेली. कोणाले कोणती, हे चिठ्ठी टाकल्यावानी ठरते. तुमची नेहमीची गोळी दोन्हीकडं चालूच राहते."

"अन् मधातच उठून गेलो तं?"

"खुशाल जा. नाटकातून उठलं का जागा जाते. इथं उठलं तरी तुमचा इलाज जात नाही."

अकरा पानांचं माहितीपत्रक मी तीन दिवस घोकलं होतं, आणि या माणसानं ते अकरा वाक्यांतही नाही, त्याआधीच संपवलं. मला रागच आला. पण साक्षीदारानं समजावायचं नसतं, ते काम माझं. म्हणून लाज गुंडाळून ती वाक्यं मी वहीत उतरवली, चाचण्यांना परवानगी देणाऱ्या समितीकडून मंजूर करून घेतली आणि पुढं तीच बोलत राहिले. काका फक्त ऐकायचे. शेवटी पेशंटला म्हणायचे, "आता तुमी सांगा, काय समजलं ते." नीट सांगता आलं तर सही. "डॉक्टरसाहेब म्हणून राहिले म्हणून" असं उत्तर आलं, की पेन परत खिशात.

त्या खिशात गेलेल्या पेनापायी मी त्यांच्याशी एकदा कडाकडा भांडले.

दिघोरीची एक बाई आली होती, चाळिशीतली, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. धानाच्या रोवणीला चिखलात उभी राहिली की हाडं अशी दुखायची की शेतातल्या बांधीतून उचलून आणावं लागायचं. सोबत तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. डोक्यावर पदर, नजर फरशीवर. आमच्याकडे सून भासऱ्यांसमोर तोंड उघडत नाही, हे मलाही ठाऊक होतं, मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरचीच. पण चाचणीत नावं घ्यायची मुदत शनिवारी संपत होती आणि एकच जागा उरली होती.

मी सगळं सांगितलं. भासरे मागून म्हणाले, "हो म्हण."

ती म्हणाली, "हो."

बोट ओठांवर गेलं. "प्रॉम्टिंग नाही. भाऊ, तुमी जरा भाईर बसा." ते कुरकुरत बाहेर गेले. काकांनी बाईकडे हात केला. ती हळूच म्हणाली, "त्यायलेच पुसा."

पेन खिशात. "हो भासऱ्याचं हाय अन् दुखणं बाईचं. मी सही करत नाही. शनिवारी या, बाई."

ती गेल्यावर मी फुटले. "काका, तिची शेवटची संधी होती! बस चुकली, पोरगं आजारी पडलं, काहीही झालं तर? तुमच्या नाटकापायी ती बाई जाईल!"

"तिचं तिले बोलू द्या, मॅडम," एवढंच म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता, हे मी रागात पाहिलंच नाही.

शनिवारी दुपार झाली तरी दिघोरीचं कुणी नाही. काका तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. चारच्या सुमाराला ती आली. भासरे आपणहून बाहेरच्या बाकावर बसले.

मी पुन्हा सगळं सांगितलं. मग ती बोलायला लागली. औषध नवीन हाय. गुण येईलच असं नाही. मळमळ होऊ शकते. कोणती गोळी भेटली ते डॉक्टरलेबी माहीत नाही. महिन्यातून एकदा रक्त द्या लागते. बोलता बोलता पदर खांद्यावर आला, तो तिनं वर घेतला नाही. शेवटी तिनं थेट काकांना विचारलं, "मी आत्ता नाही म्हटलं, तं तुमी काय करान?"

"काही नाही. चहा पाजीन अन् बसमंधी बसवून देईन."

"कोणी रागावन?"

"कोणाची हिंमत हाय?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बाई दाराकडे वळली. मग बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मंग माझं हो हाय!"

काकांनी सही केली आणि उभे राहून टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या लोकांनी, काय झालं ते न कळताच, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मला रडू आलं, हे इथं कबूल करते. तोवर मी अंगठे गोळा करत होते. होकार पहिल्यांदाच ऐकला.

काका यंदा निवृत्त झाले. आता म्हणे त्यांना नाटकांतून सवडच नाही. त्यांची खुर्ची खिडकीशी तशीच आहे.

परवा नव्या चाचणीसाठी एक तरुणी आली होती. मी विचारलं, काय समजलं? तिची सासू मागून म्हणाली, "हो म्हण ना, काहून वेळ घालवून राहिली?" उशीर झाला होता, माझं पेन कागदाच्या दिशेनं निघालंही होतं.

दाराशी आपल्या शेवटच्या तपासणीसाठी दिघोरीची बाई बसली होती. तिला खरी गोळी मिळाली होती की नुसती, ते अजून ना तिला ठाऊक, ना मला. तिनं बोट ओठांवर ठेवलं, मग हात उताणा करून त्या पोरीकडे केला.

"ओ माय," ती सासूला म्हणाली, "इथं प्रॉम्टिंग नाही. बोलू दे तिले."

मी पेन खिशात ठेवलं.