पिल्लांची पंगत

बोलक्या माणसाचे किस्से सांगून संपतात. मी पडलो कमी बोलणारा, त्यामुळे माझ्याकडे ते साठतच गेले. कासुर्डीला माझं पोल्ट्रीचं शेड होतं आणि गावात मोबाईल एकाकडेच होता, त्या काळातले तर अजून तसेच शिल्लक आहेत. आज निवांत आहे, तर सांगतो.

एकदा दौंडहून एक डॉक्टरबाई आल्या. जनावरांच्या डॉक्टर, पुढचं शिकत होत्या. म्हणाल्या, "आबा, पिल्लं अंड्यातून निघतात त्याच दिवशी खोक्यात भरून ट्रकनं येतात. ना आई, ना ऊब, वर हादरे. त्या वयात बसलेली भीती मोठेपणीही निघत नाही. झाडपाल्यातलं काही दिलं तर ती कमी होते का, ते मला बघायचंय."

त्यांच्याकडे अश्वगंधा आणि तुळशीच्या अर्काची बाटली होती. आम्ही जाळी लावून शेडचे दोन भाग केले. एका बाजूला औषधाचं पाणी, दुसऱ्या बाजूला साधं. पाणी घालायचं काम माझ्या बायकोचं, हौसाचं. बाईंची आधीची पिल्लांची बॅच उन्हानं गेली होती. त्यांच्या सरांनी बजावलं होतं, या खेपेला फरक दिसला नाही तर विषय सोडा.

शेजारी सुदामचं शेड. त्याचीही पिल्लं त्याच ट्रकमधली, पण औषधाला त्यानं साफ नकार दिला. "माझ्या पिल्लांना कसला स्ट्रेस? आमच्या लहानपणी स्ट्रेस नव्हता बाई, नुसता मार हुता!"

*

आता भीती मोजायची कशी? बाईंनी लाकडाचा छोटा पाळणा आणला होता. त्यात पिल्लू उताणं ठेवायचं, क्षणभर धरून हात काढायचा आणि घड्याळ बघायचं. घाबरट पिल्लू मेल्यासारखं पडून राहतं. धीट असेल ते पटकन उठतं.

एक दिवस बाईंची तालीम चालली होती. पाळण्यावर वाकलेल्या, नजर आत. वाटेनं चाललेली सखूआजी दारात थबकली. बराच वेळ बघितलं आणि हळूच मला विचारलं,

"नाव काय ठिवलं रं?"

*

सुदाम औषधाची टिंगल करायचा. पण एकदा शिक्रापूरला सासरवाडीला निघाला, तेव्हा बाटलीजवळ घुटमळताना दिसला.

"थोडं घेतो आबा. सासूचा स्ट्रेस हाय."

चांगलं झाकणभर प्यायला. संध्याकाळी तोंड पाडून परत.

"काय गुण आला का?"

"कसला गुण! कडू एवढं, की तोंड उघडवंना. दिसभर गप बसलो. निघताना सासू म्हणाली, जावईबापू, कुठलं औषध घेता? बाटली पाठवा, तुमच्या सासऱ्यांना चालू करते!"

*

शेडजवळ आवाज करायचा नाही, ही बाईंची सक्त ताकीद. आवाजानं पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. नेमकी एक वरात आमच्याच रस्त्यानं आली!

बाई धावत पुढं गेल्या आणि बँडवाल्याला हात जोडले. दिलदार माणूस! त्यानं क्लॅरिनेट काखेत मारलं. नवरदेव, करवल्या, वऱ्हाडी, सगळे माना खाली घालून शेडपुढून चिडीचूप निघाले. समोरून आलेल्या ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि नवरदेवाकडे बघत मला म्हणाला,

"चाचा, इसके घर में कौन गुजर गया?"

*

मग तो दिवस आला. बाईंचे सर पुण्याहून आले. औषधाच्या बाजूचं पिल्लू उताणं ठेवलं, ते टुणकन उठलं. पुढचंही तसंच. बाईंचा चेहरा फुलला. मग साध्या पाण्याच्या बाजूचं घेतलं. तेही टुणकन उठलं! त्याच्यानंतरचंही!

सरांनी पेनाला टोपण लावलं. "फरक नाही. औषधात काही दम नाही."

बाई पाळण्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते.

हौसा म्हणाली, "दम न्हाई कसा? समदी उठली की!"

"मावशी, ही बाजू साध्या पाण्याची आहे," सर म्हणाले.

"कशाची साधी? त्यांनाबी रोज औषधच घालत हुते मी."

"काकू! का?" बाई तिच्याकडे वळल्या.

"का म्हंजी? एका पंगतीला बसवायचं आन् एकाला तूप वाढायचं, दुसऱ्याला न्हाई? जाळीतनं बघत्यात की ती एकमेकांकडं!"

सर हसायला लागले. "याच ट्रकमधली पिल्लं आणखी कुठं आहेत का?"

मी सुदामच्या शेडकडे बोट केलं.

सुदामनं त्याचं सगळ्यात टगं पिल्लू काढून दिलं. बाईंनी ते उताणं ठेवलं, हात काढला. पिल्लू पडूनच. सुदाम गुडघ्यांवर बसला. "ऊठ की मर्दा! अब्रू घालवतूस व्हय माझी?" त्याच्या शेजारी बाई डोळे मिटून पुटपुटत होत्या, "नको उठू राजा, थोडं थांब."

पिल्लू ढिम्म. दुसरं ठेवलं, तेही ढिम्म. पुढच्याला तर सुदामनं हात जोडले.

"फरक आहे," सर लिहिता लिहिता म्हणाले. "चांगलाच आहे."

बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. हौसाची नजर मात्र पाळण्यातल्या पिल्लावरून हटत नव्हती. तिनं पदर खोचला.

"बाई, झालं न्हवं तुमचं?"

"झालं, काकू."

"मग द्या ती बाटली हिकडं."